खोबणीतली पांढरी रेघ

परवा राजापूरच्या बाजूला एका सड्यावर, म्हणजे जांभा दगडाच्या उघड्या पठारावर, कोरलेला मासा पाहिला. कोकणातल्या जुन्या कातळशिल्पांपैकी एक. जेमतेम दोन हात लांब, पोटाला फुगीर, शेपटीला दोन फाटे. त्याच्या सगळ्या खोबणीतून कुणीतरी रांगोळी घातली होती. ताजी नव्हती, वाऱ्याने ती एका बाजूला सरकली होती आणि जांभ्याच्या बारीक भोकांत जाऊन बसली होती. दुपारचे तीन वाजले असतील. ऊन जेमतेम कललेलं, कातळ तव्यासारखा तापलेला, करपलेल्या गवताचा वास. त्या उन्हात आसपासच्या बाकीच्या आकृत्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते कळत नव्हतं. हा मासा मात्र फळ्यावर खडूने काढावा तसा लख्ख. वाट दाखवायला आलेले गावातले काका म्हणाले, "रांगोळी नाय घातली तर लोकांना दिसनार काय वो?" प्रश्न अगदी सरळ होता. खटकलं ते दुसरंच. शेपटीच्या खालच्या फाट्यापाशी पांढरी रेघ सरळ पुढे जाऊन टोकदार झाली होती, आणि दगडातली खोबण त्याच्या दोन बोटं अलीकडेच आत वळली होती. वाकून, डोळे बारीक करून पाहिलं तरच ती वळलेली खोबण कळत होती.

माशाची शेपटी अशी संपायला हवी, असं कुणाला तरी वाटलं होतं.

कातळशिल्पांचे जे फोटो फोनवरून फिरतात, त्यांत अशा पांढऱ्या रेघांचे फोटो खूप असतात. कधी रांगोळी, कधी खडूची पूड, कधी चुना, कधी नुसती माती. फोटो 'यावा' म्हणून हे होतं, आणि फोटो खरोखर येतोही. पण जो येतो तो पूड घालणाऱ्याच्या हाताचा फोटो असतो. त्याने जी रेघ निवडली ती उरते, जी त्याला दिसली नाही ती फोटोतून कायमची जाते. दगडात नैसर्गिक भेगा असतात, पाण्याने खाल्लेले चर असतात, जुन्या रेघेवरून गेलेली नवी रेघ असते. हे वेगळं करायला अभ्यासकांना महिने लागतात, आणि मूठभर रांगोळी दोन मिनिटांत त्याचा निकाल लावते. पुढे कुणी तो फोटो पाहून चित्र काढतं, कुणी ते चित्र पाहून लेख लिहितं, आणि नसलेलं टोक त्या माशाला चिकटून राहतं. शिवाय जांभा हा सच्छिद्र दगड. त्याच्या छिद्रात बसलेली पूड पावसाने सगळी निघत नाही. ती काढायला ब्रश किंवा काथ्या घासला, तर खोबणीची कड झिजते, आणि उद्या कुणाला त्या पृष्ठभागाची शास्त्रीय तपासणी करायची असेल तर तिथे बाहेरचा चुना आधीच मिसळलेला असतो.

एकेकाळी जगभरचे अभ्यासकही हेच करत. खडू भरून फोटो काढणं ही शिलाचित्रांच्या नोंदीची सर्रास पद्धत होती. नॉर्वेतल्या आल्टा इथे तर लोकांना दिसावीत म्हणून कोरीव चित्रं लाल रंगाने भरली होती. नंतर तोच रंग काढायचं काम हाती घ्यावं लागलं. तेव्हा सड्यावरच्या एखाद्या काकांना किंवा सहलीला आलेल्या मुलांना दोष देण्यात काही अर्थ नाही. दोष द्यायचाच तर तो आपल्याला, कॅमेरा गळ्यात अडकवून फिरणाऱ्यांना द्यावा लागेल. या दगडांना काय हवं ते आपल्याला ठाऊक असायला हवं. त्यांना उजेड हवा, आणि तोही खालून, बाजूने येणारा.

हा हिशेब सोपा आहे. समजा खोबण ४ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर खोल आहे. सूर्य ६० अंशांवर असताना तिच्या कडेची सावली सव्वा सेंटिमीटरही भरत नाही. खोबणीचा तळ बाकी कातळाइतकाच उजळलेला राहतो आणि रेघ विरून जाते. सूर्य ४५ अंशांवर आला की सावली २ सेंटिमीटर, म्हणजे अर्धी खोबण. २६-२७ अंशांवर ती ४ सेंटिमीटर होते आणि खोबण काठोकाठ काळी भरते. पुड्याच्या पुड्या रांगोळी जे करते, ते इथे फुकटात होतं. यासाठी अ‍ॅप लागत नाही. सपाट जागी उभं राहून आपली सावली पाहायची. ती आपल्या उंचीच्या दुप्पट झाली, की खोलीच्या दुप्पट रुंद असलेली प्रत्येक खोबण सावलीने भरलेली असते. गणित तेच आहे. सावली उंचीच्या सहापट झाली की सूर्य साडेनऊ अंशांवर आलेला असतो आणि तिथून पुढे घाई करावी लागते. अगदी ५ अंशांवर गेलं तर कातळावरचा एक सेंटिमीटरचा खडबडीतपणाही ११ सेंटिमीटरची सावली टाकतो, आणि कोरलेल्या रेघा त्या गर्दीत बुडून जातात. 'सूर्यास्ताच्या क्षणी' म्हणून धावत जाणारे बहुतेकजण म्हणूनच निराश होऊन परततात. आपल्या अक्षांशावर सकाळी सूर्योदयानंतर पाऊण तासापासून पावणेदोन तासांपर्यंत, आणि संध्याकाळी सूर्यास्ताआधी तेवढ्याच उलट्या मोजणीने, एक तासभराची वेळ मिळते. ती पुरते.

पण त्या तासातही सगळं दिसत नाही, आणि इथेच घोळ होतो. उजेड ज्या दिशेने येतो त्याच दिशेने जाणारी खोबण सावली धरत नाही. पूर्व-पश्चिम गेलेली रेघ सकाळीही हरवते आणि संध्याकाळीही. माशाची पाठ दिसते, शेपटी दिसत नाही. मग हात आपोआप रांगोळीकडे जातो. उपाय आहे तो पुन्हा येण्याचा. रत्नागिरीच्या अक्षांशावर डिसेंबरात सूर्य पूर्वेच्या सुमारे २५ अंश दक्षिणेकडे उगवतो आणि जूनमध्ये तेवढाच उत्तरेकडे. म्हणजे वर्षभरात पन्नासेक अंशांचा फरक. जानेवारीत हरवलेली रेघ एप्रिलात सापडू शकते. हवा आणि गवत यांचाही हिशेब धरायला हवा. पावसानंतर लगेच हवा धुतलेली असते, पण गवत गुडघ्याला. जानेवारीत गवत वाळून कातळ मोकळा होतो. मार्च उजाडला की संध्याकाळी समुद्राकडून येणाऱ्या दमट धूसरपणात सावलीची धार बोथट होते. मग तेव्हा सकाळ बरी. राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे इथली शिल्पं पाहायला जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिथल्या कातळावर होकायंत्र फसतं, आणि फोनमधलं होकायंत्रही त्यातून सुटत नाही. सूर्याची दिशा दाखवणारं अ‍ॅप तिथे फोन फिरवून वापरू नये; नकाशावर जागा टेकवून दिशा घ्यावी आणि फोटोसोबत उत्तर दिशेचा बाण ठेवायचा असेल तर तोही नकाशावरूनच लावावा.

कॅमेऱ्याकडून एकच मोठी चूक होते. चौकटभर काळपट तांबडा दगड पाहून तो समजतो की उजेड कमी आहे, आणि एक्स्पोजर वाढवतो. कातळ फिका, धुरकट होतो, सावल्या करड्या पडतात. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन उणे दोन-तृतीयांश ते उणे एक स्टॉपवर न्यावं, फोटो रॉ फाइलमध्ये काढावा, अ‍ॅपर्चर एफ ८ ते एफ ११. त्यापुढे बंद करण्यात फायदा नाही. विवर्तनाने बारीक कडा मऊ पडतात. नोंदीसाठीचा फोटो असेल तर कॅमेरा दगडाला समांतर, अगदी वरून खाली, १० सेंटिमीटरची मोजपट्टी चौकटीच्या कडेला. पट्टी आकृतीच्या आत ठेवायची नाही. मग पट्टी उचलून तोच फोटो पुन्हा. ट्रायपॉडच्या पायांना मातीत रोवायचे लोखंडी खिळे असतील तर ते आत घेऊन रबरी टोकं बाहेर काढावीत, आणि तीनही पाय कुठे टेकतात ते वाकून पाहावं. काळोख्या खोबणीत रुतलेला ट्रायपॉडचा पाय अनेकदा फोटोतच दिसतो. पायातल्या बुटांचंही तेच. आकृतीवरून चालून पलीकडे जाण्यापेक्षा वळसा घ्यावा. दगडावर शेवाळाचे किंवा दगडफुलाचे करडे चट्टे असतील तर नखाने खरवडू नयेत; त्यांच्याखालची रेघ आज दिसली नाही तरी ती तिथेच असते.

दुपारी दोन वाजता पोचलेल्या माणसाचं काय, हा काकांचा खरा प्रश्न.

मुंबईहून गाडी करून आलेलं कुटुंब सूर्य कलेपर्यंत सड्यावर बसून राहणार नाही. त्यांना ओकंबोकं रान दिसेल, ते पाच मिनिटांत निघून जातील, आणि गावाला या दगडांतून चार पैसे मिळायची जी वाट उघडू लागली आहे ती बंद होईल. हे कुणी नाकारू नये. पण भर दुपारीही रांगोळीशिवाय काम होतं. एक मोठी काळी छत्री आणि एक फूटभर आरसा, घरात भिंतीवर असतो तसला, एवढंच लागतं. एकाने छत्री अशी धरायची की आकृतीवर थेट ऊन पडणार नाही. दुसऱ्याने चार-पाच पावलं दूर, जमिनीलगत आरसा धरून ऊन पकडायचं आणि ते कातळावरून घासत आकृतीवर सोडायचं. आरसा जेवढा खाली, तेवढी सावली लांब. शिलालेख वाचणारे लोक ही युक्ती फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. आरसा धरणारा आकृतीभोवती हळूहळू फिरत गेला, की एकेक रेघ उठते आणि विझते. पाठ उठते, मग कल्ले, मग शेपटी. जागच्या जागी सूर्य फिरवल्यासारखं ते असतं. रांगोळीच्या स्थिर पांढऱ्या रेघेपेक्षा हे बघायला माणसं जास्त वेळ थांबतील, असं मला मनापासून वाटतं. आरशाची झळक कुणाच्या डोळ्यांवर जाणार नाही आणि वाळल्या गवतावर एका जागी फार वेळ टिकणार नाही, एवढी काळजी घ्यावी. फोटोवाल्याकडे कॅमेऱ्यापासून सुटा करता येणारा फ्लॅश असेल तर आरशाच्या जागी तो, वीतभर उंचीवर, आडवा. मोठ्या आकृतीला छत्री पुरत नाही. तिथे संध्याकाळच हवी.

आणि कशेळीच्या सड्यावर कोरलेला हत्ती? तो सुमारे १८ मीटर लांब. त्याच्याजवळ उभं राहिलं की हत्ती दिसतच नाही, नुसत्या रेघा दिसतात. त्याच्या आत इतर प्राण्यांची गर्दी कोरलेली आहे ती दिसते. एवढ्यासाठी उंची लागते. लांब काठीवर कॅमेरा बांधून पाच मीटरपर्यंत जाता येतं आणि तुकड्यातुकड्यांनी, दोन फोटोंत ६० ते ८० टक्के भाग सामाईक ठेवून, सगळा हत्ती जोडता येतो. ड्रोनने काम एका झेपेत होतं. २४ मिलिमीटरच्या समतुल्य लेन्सला २० मीटर उंचीवरून साधारण ३० बाय २० मीटरचा पट्टा मिळतो. त्याहून वर जायची गरजच नाही. पण भर दुपारी उडवलेला ड्रोन वरूनही काही दाखवत नाही, सावलीचा नियम त्यालाही लागू. ड्रोन नियम २०२१ नुसार २५० ग्रॅमच्या आतला असेल तर बऱ्याच अटींतून सूट मिळते, तरी उडवण्याआधी क्षेत्रांचा अधिकृत नकाशा पाहायलाच हवा, कारण रत्नागिरीचा विमानतळ तटरक्षक दलाकडे आहे आणि खाली सिंधुदुर्गात चिपीलाही विमानतळ आहे. आणि जागामालकाला विचारायला हवं. हे सडे सरकारी रान नसतात. बहुतेक कुणाच्या तरी सातबाऱ्यावर असतात. गडग्याला, म्हणजे दगडी बांधाला, पाडलेली वाट म्हणजे आत येण्याचं आमंत्रण नव्हे.

अंधार पडल्यावर याच दगडांवर सगळ्यात बारकाईचं काम करता येतं. कॅमेरा ट्रायपॉडवर हलणार नाही असा पक्का, फोकस आणि एक्स्पोजर हाताने बांधलेलं, चौकटीच्या कडेला दोन चकचकीत काळ्या गोट्या, आणि फ्लॅश हातात. आकृतीच्या मध्यापासून फ्लॅशपर्यंतचं अंतर सुतळीने बांधून घ्यायचं, आकृतीच्या तीन-चार पट. मीटरभराच्या माशासाठी तीन-चार मीटर. प्रत्येक फोटोआधी सुतळी ताणून अंतर जुळवायचं, ती चौकटीबाहेर काढायची आणि मग फ्लॅश मारायचा. असं १५ ते ६५ अंशांच्या उंचीवरून, चहूबाजूंनी, ३६ ते ६० फोटो. गोटीवर चमकलेल्या ठिपक्यावरून संगणक प्रत्येक फोटोतल्या उजेडाची दिशा ओळखतो, आणि नंतर पडद्यावर उजेड हवा तिकडून पाडून तो दगड पाहता येतो. याला रिफ्लेक्टन्स ट्रान्सफॉर्मेशन इमेजिंग म्हणतात. एचपीच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर यांनी २००१ मध्ये मांडलेल्या पद्धतीतून ते वाढलं, आणि त्यासाठीची सॉफ्टवेअर मोफत मिळतात. बिघडतं ते दोनच कारणांनी: मध्येच ट्रायपॉडला धक्का लागतो, किंवा गोटी चौकटीत इतकी लहान असते की ठिपका सापडत नाही. ती निदान अडीचशे पिक्सेलची तरी दिसायला हवी. रात्रीच्या सड्यावर फुरसं हा विषारी साप असतो, हे कोकणात कुणाला सांगायला नको, पण बाहेरून येणाऱ्या फोटोवाल्यांना सांगायला हवं. घोट्याच्या वर जाणारे बूट घालावेत, पाऊल टाकायच्या आधी बॅटरी मारावी, आणि बॅग उघडी टाकून ठेवू नये.

फ्लॅशबद्दल हे सगळं लिहिताना हात जरा अडतो, कारण याच किनाऱ्यावर, वर मंडणगडकडे वेळासला, तोच फ्लॅश अपराध ठरतो. दगडाला त्याने काही होत नाही. वाळूतून बाहेर आलेलं ऑलिव्ह रिडले कासवाचं पिल्लू मात्र क्षितिजाजवळच्या उजळ पट्ट्याला समुद्र समजून निघतं, आणि चुकीच्या बाजूला उजेड चमकला की वळतं. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने गावकऱ्यांना घेऊन तिथे जे काम उभं केलं, त्यामुळे तिथे फ्लॅश मारू नये हे आता बहुतेकांना कळतं. लोक विसरतात ते कॅमेऱ्याचे बाकीचे दिवे. कमी उजेडात फोकस धरण्यासाठी पुढून आपोआप पेटणारा नारिंगी किंवा हिरवा दिवा मेनूतून बंद करावा लागतो. फ्लॅश बंद केल्याने तो बंद होत नाही. फोटो काढल्यावर पाठीमागच्या पडद्यावर झळकणारं चित्र, फोनवर व्हिडिओ घेताना सुरू राहिलेला टॉर्च, हेही त्यातच. आयएसओ ३२०० वर न्यावा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडावं, शटर १/२५० सेकंदाच्या आसपास ठेवावं, आणि दाणेदार फोटो पत्करावा. पिल्लांच्या वाटेभोवती बांधलेल्या दोरीच्या आत पाय टाकू नये, कारण बोटभर पिल्लाला आपल्या पावलाचा खड्डाही खोल पडतो.

सड्यावर पावसाळ्यात अशीच एक गोष्ट घडते. ऑगस्ट-सप्टेंबरात कातळावर बोटभर मातीच्या थरात गेंद, सीतेची आसवं, दवबिंदू फुलतात. एका निळ्या फुलाच्या क्लोज-अपसाठी माणूस पोटावर आडवा होतो तेव्हा त्याच्या अंगाखाली शेकडो झाडं जातात. कातळाचा उघडा भाग शोधून तिथेच आडवं व्हावं आणि लांब पल्ल्याची मॅक्रो लेन्स वापरावी. पण याच दिवसांत कातळशिल्पं आपल्या आपण दिसतात, हे फार कमी लोक पाहायला जातात. पाऊस थांबून तासभर झालेला असतो, कातळ निथळलेला असतो आणि खोबणी अजून पाण्याने भरलेल्या असतात. कॅमेरा गुडघ्याइतका खाली आणायचा, लेन्सवरचा पोलरायझर फिल्टर काढून ठेवायचा, कारण तो नेमकी पाण्यातली झळाळीच खाऊन टाकतो, आणि आभाळाच्या उजळ भागाकडे तोंड करून उभं राहायचं. काळ्या ओल्या दगडावर आकृती चांदीच्या तारेने ओढल्यासारखी उमटते. बाटलीतलं पाणी ओतून हे जमत नाही. ते आसपासचा कातळही भिजवतं आणि कडेची माती खोबणीत लोटतं.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या निसर्गयात्री संस्थेच्या सोबत्यांनी वर्षानुवर्षं पायपीट करून रत्नागिरीतली ही शिल्पं शोधली, गुराख्यांना विचारत विचारत. २०२२ मध्ये कोकणातल्या कातळशिल्पांच्या निवडक जागा युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेल्या. तेव्हापासून कॅमेरे वाढलेत. यादीतल्या जागांचा पत्ता सगळ्यांना माहीत आहे. पण एखादी नवी आकृती कुणाला सापडली तर तिचा फोटो टाकण्याआधी त्यातली जीपीएसची नोंद पुसावी. सड्याला कुंपण नसतं, चिरेखाणीचं यंत्र बघता बघता कातळ कापत जातं, आणि अर्धवट माहितीवर तिथे पोचलेला पहिला माणूस पुडी घेऊनच आलेला असेल तर पुढच्या सगळ्यांना तोच फोटो मिळतो.

त्या माशाची रांगोळी कुणी झाडली नाही. काकांनी चप्पल पुढे केली होती, पण घासायचं नाही असं ठरलं. पाऊस जेवढी नेईल तेवढी नेईल. पाचच्या सुमारास सावल्या दुप्पट झाल्या, आणि पांढऱ्या रेघेशेजारी दुसरी रेघ हळूहळू काळी होत वर आली. पोटापाशी दोघी एकत्र होत्या. कल्ल्यापाशी पांढरी जराशी बाहेर सरकली होती. शेपटीपाशी काळी रेघ आत वळून स्वतःशीच मिटली आणि पांढरी तशीच पुढे गेली. काका उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "ह्यो मासा नसेल वो." आणि फोटोखाली तारीख, वेळ, सूर्याची उंची, 'पांढरी रेघ नंतर भरलेली' एवढं लिहून, 'मासा' या शब्दाची जागा तेवढी रिकामी ठेवली.